वचनाला पेलेल तेवढाच दावा: प्रोटेस्टंट आणि निरीश्वरवादी मित्रांपुढे कॅथलिक श्रद्धा मांडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी व्यक्ती जन्मापासून कॅथलिक, दर रविवारी मिस्साला जाणारी. एक मित्र इव्हँजेलिकल प्रोटेस्टंट आहे, तो प्रत्येक गोष्टीला 'बायबलमध्ये दाखव' म्हणतो. दुसरा निरीश्वरवादी, त्याला बायबलमधले काही दाखवून उपयोगच नाही. दोघांपुढे बोलती बंद होते. अभ्यास कुठून सुरू करायचा आणि प्रत्यक्ष बोलताना काय म्हणायचे?

सर्वांत जास्त काय नडते ते आधी. अशा चर्चेत माघार घ्यावी लागते ती बहुधा उत्तर ठाऊक नसल्यामुळे नव्हे, तर दावा पेलवेल त्याहून मोठा केल्यामुळे. 'मत्तय १६:१८ वरून पोपची अचूकता सिद्ध होते' असे म्हटले की समोरच्याचे काम सोपे झाले. त्या वचनात अचूकतेचा उल्लेखही नाही, एवढेच त्याला दाखवायचे असते. 'तिथे येशू राज्याच्या किल्ल्या पेत्राला देतो आणि इतर कोणत्याही प्रेषिताला नाव घेऊन देत नाही' हा दावा लहान आहे, पण तो सहज हलत नाही. पुढची पायरी पुढच्या पुराव्यावर चढायची. एका वचनावर अख्खा सिद्धांत टांगायचा नाही.

दुसरी चूक म्हणजे जे काही कॅथलिक दिसते त्या सगळ्याचा सारख्याच जोराने बचाव करणे. काही गोष्टी धर्मसिद्धांत आहेत, काही शिस्तीचे नियम, काही भक्तीचे प्रकार आणि काही नुसती धर्मपंडितांची मते. 'धर्मगुरूंना लग्न का करू देत नाही? पेत्राला तर सासू होती' (मार्क १:३०) या प्रश्नाला घाम फुटायचे कारण नाही. ब्रह्मचर्य हा लॅटिन परंपरेतला शिस्तीचा नियम आहे, पूर्वेकडच्या कॅथलिक धर्मसभांमध्ये विवाहित पुरुषांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळते. लूर्द (१८५८) आणि फातिमा (१९१७) इथल्या दर्शनांना ख्रिस्तसभेने मान्यता दिली आहे, पण ती खासगी प्रकटीकरणे आहेत. ती श्रद्धेच्या ठेव्यात भर घालत नाहीत, हे कॅटेकिझमच्या (ख्रिस्तसभेच्या अधिकृत शिकवणीच्या ग्रंथाच्या) परिच्छेद ६७ मध्ये स्पष्ट आहे. लिंबो, म्हणजे बाप्तिस्म्याविना मेलेल्या बाळांसाठी कल्पिलेली जागा, हे कधीच धर्मसिद्धांत नव्हते. मित्राने हल्ला यांपैकी कशावर केला असेल तर आधी एवढेच सांगा की ही गोष्ट कोणत्या पातळीची आहे. निम्मी हवा तिथेच निघून जाते.

अभ्यासाची सुरुवात वादविवादाच्या व्हिडिओंपासून करू नका. १९९२ चा कॅटेकिझम घ्या. त्याचे २८६५ क्रमांकित परिच्छेद आहेत, सगळे एका दमात वाचायची गरज नाही. देवाचे अस्तित्व ३१ ते ४३, शास्त्र आणि परंपरा ७४ ते १४१, पोप आणि महागुरू (बिशप) ८८० ते ८९६, संतांचा संबंध ९४६ ते ९६२, मरिया ४८४ ते ५११ आणि ९६३ ते ९७५, शुद्धिस्थान १०३० ते १०३२, ख्रिस्तप्रसाद (मिस्सातली पवित्र भाकर आणि द्राक्षारस) १३२२ ते १४१९, नीतिमान ठरणे आणि कृपा १९८७ ते २०२९. ज्या विषयावर बोलायचे तेवढे परिच्छेद दोनदा वाचा आणि पुस्तक मिटून ती शिकवण तीन वाक्यांत स्वतःच्या शब्दांत लिहा. लिहिता आली नाही तर त्या विषयावर अजून बोलू नका. हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि मग ख्रिस्तसभेने कधी न शिकवलेल्या गोष्टीचा हिरिरीने बचाव करत बसतात.

पुरावा कुठला द्यायचा याचा नियम संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच घालून दिला: समोरचा जे मानतो त्यावरून बोला. प्रोटेस्टंट मित्रापुढे त्याच्या बायबलच्या ६६ पुस्तकांतून, निरीश्वरवाद्यापुढे तर्कातून आणि इतिहासातून. निरीश्वरवाद्याला वचने ऐकवणे आणि प्रोटेस्टंटाला 'पोपने सांगितले आहे' म्हणणे, दोन्ही वाया.

शिवाय प्रोटेस्टंट म्हणजे कोण, हेही विचारून घ्या. १५२९ मध्ये मारबुर्ग इथे ल्यूथर आणि झ्विंग्ली हे दोन प्रोटेस्टंट सुधारक प्रभुभोजनावरच एकमत करू शकले नाहीत. ल्यूथरला त्यात ख्रिस्ताची खरी उपस्थिती मान्य होती, झ्विंग्लीला नव्हती. ल्यूथरन माणसापुढे तुम्ही योहान ६ वर अर्धा तास खर्च केलात तर तो म्हणेल, 'हे मी मानतोच की!' अँग्लिकनांकडे महागुरू आहेत, बॅप्टिस्ट बाळांना बाप्तिस्मा देत नाहीत, पेंटेकोस्टल मंडळींत भर पवित्र आत्म्याच्या दानांवर. पहिला प्रश्न तुमचाच असू द्या: 'तुझी मंडळी याबद्दल काय शिकवते?'

'बायबलमध्ये दाखव'

हा प्रश्न सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी आहे, म्हणून इथे थोडे थांबू. मित्र बहुधा २ तीमथ्य ३:१६ काढतो: प्रत्येक शास्त्रलेख देवप्रेरित असून शिकवणुकीसाठी उपयोगी आहे. संवाद साधारण असा चालवता येतो.

'हे वचन मला शंभर टक्के मान्य आहे. यात शास्त्र उपयोगी आहे असे म्हटले आहे. फक्त शास्त्रच पुरेसे आहे, असे कुठे म्हटले आहे?'

तो सतराव्या वचनाकडे बोट दाखवेल, देवाचा माणूस पूर्ण सज्ज व्हावा म्हणून. हा आक्षेप वजनदार आहे, उडवून लावू नका.

'ठीक. पण पंधराव्या वचनात पौल म्हणतो की तीमथ्याला हे शास्त्र बालपणापासून ठाऊक आहे. तीमथ्याच्या बालपणी नवा करार लिहिलेलाच नव्हता. या वचनाने शास्त्र पुरेसे असल्याचे सिद्ध होत असेल, तर मग फक्त जुना करार पुरेसा ठरेल. ते तुला चालेल?'

इथे थांबा. लगेच पुढचे वचन फेकू नका, त्याला विचार करू द्या. मग २ थेस्सलनीका २:१५: तोंडी असोत वा पत्रातून, शिकवलेल्या परंपरा धरून राहा. आणि १ तीमथ्य ३:१५, जिथे सत्याचा स्तंभ आणि पाया म्हणून मंडळीचे नाव येते. या सगळ्यातून काय निष्पन्न झाले? 'केवळ शास्त्र' हे तत्त्व शास्त्रातच लिहिलेले सापडत नाही, एवढेच. आजची प्रत्येक कॅथलिक परंपरा प्रेषितांपासूनची आहे, हे यातून सिद्ध होत नाही. तो मार्क ७:८-१३ वाचून दाखवेल, जिथे माणसांच्या परंपरेपायी देवाची आज्ञा मोडणाऱ्यांना येशू फटकारतो. तुमचे उत्तर: 'बरोबर, अशा परंपरा असतात आणि त्या टाकायच्याच. प्रश्न असा की कोणती परंपरा देवाची आणि कोणती माणसांची, हे ठरवायचे कोणी?' आता चर्चा योग्य जागी आली.

इथून ओघाने बायबलच्या पुस्तकांच्या यादीचा विषय निघतो (कॅथलिक जुन्या करारात प्रोटेस्टंट यादीपेक्षा सात पुस्तके जास्त आहेत), आणि इथेच आपली मंडळी सर्वांत जास्त ठेचकाळतात. 'ल्यूथरने सात पुस्तके फाडून टाकली' हे म्हणू नका. १५३४ च्या त्याच्या बायबलमध्ये ती पुस्तके होती, जुन्या आणि नव्या कराराच्या मध्ये वेगळी काढून, शास्त्राच्या बरोबरीची नाहीत पण वाचायला चांगली अशा शेऱ्यासह. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्येही ती होती. ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने ती छापणे १८२६ मध्ये बंद केले आणि तिथून पातळ बायबल रुळले. उलट बाजूची खोटी कथा अशी की ही पुस्तके ट्रेंटच्या परिषदेने १५४६ मध्ये नव्याने घुसवली. हिप्पो (३९३) आणि कार्थेज (३९७) इथल्या सभांच्या याद्यांत ती आहेत, फ्लॉरेन्सच्या परिषदेने १४४२ मध्ये तीच यादी दिली, ट्रेंटने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. संत अथनेशियस यांचे ३६७ चे पत्र नव्या कराराच्या २७ पुस्तकांसाठी उत्तम पुरावा आहे, पण जुन्या करारासाठी ते पुढे करू नका. तोबित, यूदिथ, सिराख ही पुस्तके त्यांनी मुख्य यादीबाहेर ठेवली आहेत, आणि तयारीचा प्रोटेस्टंट ते तुमच्याच हातून घेऊन तुम्हाला दाखवेल. बायबलचे लॅटिन भाषांतर करणाऱ्या संत जेरोम यांनाही शंका होत्या. त्या मान्य करा. तुमचा मुद्दा जेरोम चुकत नाहीत असा नाहीच, शेवटी यादी ख्रिस्तसभेने ठरवली आणि जेरोमच्या मतापाशी ती थांबली नाही, असा आहे.

'बायबल ख्रिस्तसभेने बनवले' हेही टाळा. पहिली व्हॅटिकन परिषद नेमके उलटे सांगते: ही पुस्तके ख्रिस्तसभेने मान्यता दिली म्हणून पवित्र नाहीत, देव त्यांचा कर्ता आहे म्हणून पवित्र आहेत. ख्रिस्तसभेने ती ओळखली. आणि निकाया (३२५) इथे मतदान करून बायबल ठरले, ही गोष्ट कोणाकडूनही ऐकली तर सोडून द्या. त्या परिषदेच्या नियमांत पुस्तकांची यादी नाही.

आणखी एक बाद नाणे म्हणजे 'तुमचे तेहतीस हजार पंथ'. त्या मोजणीत एकच पंथ प्रत्येक देशात वेगळा धरला आहे आणि त्याच हिशेबाने रोमन कॅथलिकांचेही दोनशेहून अधिक 'पंथ' निघतात. प्रोटेस्टंटांत मूलभूत मतभेद आहेत हे दाखवायला बाळाचा बाप्तिस्मा हे एक उदाहरण पुरते.

तारण कशाने

ज्या एका विषयावर कमी श्रमात सर्वाधिक गैरसमज दूर होतो तो हा. मित्राची समजूत असते की कॅथलिक माणूस पुण्य साठवून स्वर्ग विकत घेतो. ट्रेंट परिषदेचा १५४७ चा नीतिमान ठरण्याविषयीचा आदेश आणि त्यातला पहिलाच कॅनन त्याला सांगा: ख्रिस्ताच्या कृपेवाचून, स्वतःच्या कर्मांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरू शकतो असे जो म्हणेल तो बहिष्कृत. बहुतेकांना हे ऐकूनच धक्का बसतो. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग इथे कॅथलिक ख्रिस्तसभा आणि ल्यूथरन जागतिक महासंघ यांनी या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. मेथडिस्ट २००६ मध्ये, रिफॉर्म्ड (कॅल्व्हिनच्या परंपरेतले) २०१७ मध्ये त्यात सामील झाले.

पण म्हणून 'आता काही फरकच उरला नाही' असेही म्हणू नका. ख्रिस्ताची नीतिमत्ता माणसाच्या नावे फक्त जमा धरली जाते, की कृपा माणसाला आतून खरोखर बदलते, ती कृपा गमावता येते का, कृपेत केलेल्या कर्माला देव प्रतिफळ देतो का, हे प्रश्न खरे आहेत. याकोब २:२४ (माणूस केवळ विश्वासाने नव्हे, कर्मांनी नीतिमान ठरतो) हुकमाच्या पत्त्यासारखे टाकू नका. ते वाचा, शेजारी विश्वासावर आणि कृपेवर भर देणारी रोम ३:२८ आणि इफिस २:८-१० ठेवा, आणि तिन्ही एकत्र कशी बसतात ते गलती ५:६ वरून दाखवा: प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास. केवळ आपल्या सोयीचे वचन वाचणारा माणूस ओळखू येतो.

मरिया आणि संत

मरियेविषयी बोलायचे तर क्रम महत्त्वाचा. निष्कलंक गर्भसंभवापासून (१८५४) सुरुवात केली की अडकलात. त्या सिद्धांताला एकही थेट वचन नाही, खुद्द अक्वायनस यांनी तो आजच्या स्वरूपात मानला नव्हता. तो परंपरेवर आणि शिकवण्याच्या अधिकारावर उभा आहे, म्हणून अधिकाराचा प्रश्न आधी हवा. अनेक कॅथलिकसुद्धा त्याची गल्लत येशूच्या कुमारीजन्माशी करतात. तो मरियेच्या स्वतःच्या गर्भधारणेविषयी आहे: पहिल्या क्षणापासून ती मूळपापापासून मुक्त राहिली, आणि तीही ख्रिस्ताच्याच पुण्याईने. त्यामुळे लूक १:४७ मध्ये ती देवाला 'माझा तारणारा' म्हणते यात अडचण नाही. तिचेही तारण झाले, फक्त ते आधीच झाले.

सुरुवात इफिसच्या परिषदेपासून (४३१) करा. तिथे मरियेला 'देवमाता' म्हटले ते येशू कोण आहे हे सांगण्यासाठी. तिच्या पोटी जन्मलेला देव आहे की नाही? प्रोटेस्टंट मित्र 'आहे' म्हणेल, म्हणजे पहिली पायरी दोघांनी मिळून चढलात.

'येशूला भाऊ होते' हा ठरलेला आक्षेप. मत्तय १३:५५ मध्ये याकोब, योसेफ, शिमोन, यहूदा अशी नावे आहेत. आता मत्तय २७:५६ उघडा. क्रुसाकडे दुरून पाहणाऱ्या स्त्रियांत 'याकोब व योसेफ यांची आई मरिया' आहे, आणि येशूच्या आईचा उल्लेख असा कोणी करणार नाही. यावरून 'भाऊ' म्हणजे त्याच आईची मुले असलेच पाहिजेत असे नाही, एवढे दिसते. मरिया अखंड कुमारी होती हे यावरून सिद्ध होत नाही, आणि ही नावे तेव्हा सर्रास होती हा प्रतिवादही येईल. 'पुत्र होईपर्यंत' योसेफ तिच्याजवळ गेला नाही (मत्तय १:२५) यावर २ शमुवेल ६:२३ दाखवा: दाविदाची बायको मीखल हिला मरेपर्यंत मूल झाले नाही, मेल्यावर झाले असा कोणी अर्थ घेत नाही. ल्यूथर आणि झ्विंग्ली दोघेही तिला अखंड कुमारी मानत, हे सांगितले की निदान 'रोमचा शोध' हा आरोप गळतो.

संतांकडे प्रार्थना मागण्यावर १ तीमथ्य २:५ येते: मध्यस्थ एकच. त्याच अध्यायाचे पहिले वचन वाचायला सांगा. तिथे पौल सर्वांसाठी विनवण्या करायला सांगतो. दुसऱ्यासाठी प्रार्थना केल्याने ख्रिस्ताचे मध्यस्थपण कमी होत असते तर ही आज्ञाच निघाली नसती. अडचण खरी पुढे आहे: 'जिवंतांचे ठीक, मेलेल्यांना ऐकू येते हे कशावरून?' इथे प्रकटीकरण ५:८ मधले वडीलजन पवित्रजनांच्या प्रार्थना देवापुढे धरतात, ते दाखवता येते. अनुवाद १८:११ मधली मृतांशी संपर्काची बंदी माहिती काढण्यासाठीच्या संपर्काविषयी आहे, प्रार्थनेच्या विनंतीविषयी नाही, हा भेदही तयार ठेवा. पुतळ्यांच्या बाबतीत करूबांच्या, म्हणजे देवदूतांच्या, मूर्ती (निर्गम २५:१८) आणि पितळी सर्प (गणना २१:८) सगळेच सांगतात. २ राजे १८:४ मात्र कोणी सांगत नाही: लोक त्याच सर्पाला धूप जाळू लागले तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडला. ते स्वतःहून सांगा. मूर्ती असणे हे पाप नाही, तिची आराधना करणे पाप आहे, हेच त्यातून स्पष्ट होते, आणि निकायाच्या दुसऱ्या परिषदेनेही (७८७) आराधना फक्त देवाची, प्रतिमांना सन्मान, असाच भेद केला. एखादा कॅथलिक ही रेषा ओलांडताना दिसला तर त्याची बाजू घेऊ नका.

'फादर का म्हणता, मत्तय २३:९ वाचा' याला १ करिंथ ४:१५ पुरे, जिथे पौल स्वतःला करिंथकरांचा पिता म्हणवतो. त्यावर दोन मिनिटांपेक्षा जास्त घालवू नये.

ख्रिस्तप्रसाद, पोप, शुद्धिस्थान

ख्रिस्तप्रसादासाठी योहान ६ पेक्षा १ करिंथ ११:२७-२९ पासून निघणे बरे: अयोग्य रीतीने खाणारा प्रभूच्या शरीराविषयी आणि रक्ताविषयी दोषी ठरतो. मग योहान ६:५२-६६. लोक अडखळतात, येशू शब्द सौम्य करत नाही, शिष्य सोडून जातात, तो त्यांना परत बोलावत नाही. मित्र ६:६३ काढेल, 'देहाने काही लाभ होत नाही'. येशूने नुकतेच जगाच्या जीवनासाठी स्वतःचा देह देण्याचे म्हटले आहे, तोच देह निरुपयोगी कसा, हे त्याला विचारा. इतिहासातून अंत्युखियाचे संत इग्नेशियस (सुमारे ११०) आणि जस्टिन (सुमारे १५५) यांची साक्ष द्या. ऑगस्टिन यांची काही वाक्ये प्रतीकात्मक वाटतात, ती समोर आली तर गडबडू नका.

दोन चुका इथे नेहमी होतात. पहिली, 'मिस्सामध्ये येशूचा पुन्हा बळी दिला जातो' असे म्हणणे. कॅटेकिझम १३६६-१३६७ नुसार एकमेव बलिदान तिथे उपस्थित होते, त्याची पुनरावृत्ती होत नाही. ही चूक केलीत की इब्री १० मधले 'एकदाच' तुमच्यावर उलटते. दुसरी, भाकरीत प्रयोगशाळेत दिसेल असा बदल होतो असे सुचवणे. शिकवण सत्त्व बदलण्याची आहे. रंग, चव, रासायनिक गुण तेच राहतात. चमत्कारांच्या कथा पुरावा म्हणून पुढे करू नयेत.

पोपविषयी मत्तय १६:१९ सोबत यशया २२:२२ वाचा. तिथे किल्ली राजाच्या कारभाऱ्याच्या पदाची आहे, आणि ते पद एकाकडून दुसऱ्याकडे जाते. मग लूक २२:३२ (आपल्या भावांना स्थिर कर) आणि योहान २१:१५-१७ (माझी मेंढरे चार). बांधण्या-सोडण्याचा अधिकार मत्तय १८:१८ मध्ये इतरांनाही आहे, हे आधीच मान्य करा. रोमच्या क्लेमेंटचे करिंथकरांना पत्र (सुमारे ९६) रोमने दुसऱ्या मंडळीच्या भांडणात लक्ष घातल्याचे दाखवते, पहिल्या व्हॅटिकन परिषदेची १८७० ची पूर्ण शिकवण तिथे शोधू नका. अचूकता म्हणजे पोप पाप करत नाही असे नव्हे, आणि विमानात पत्रकारांशी बोललेला प्रत्येक शब्दही नव्हे. सर्व ख्रिस्ती लोकांचा मेंढपाळ म्हणून, श्रद्धा वा नीती यांविषयी, सगळ्या ख्रिस्तसभेला बंधनकारक असा अंतिम निर्णय, इतक्या अटी आहेत. १८७० नंतर निर्विवादपणे हे घडले ते एकदाच, १९५० मध्ये मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या वेळी. अभ्यासू मित्र पोप होनोरियस यांचे नाव घेईल, ज्यांना कॉन्स्टँटिनोपलच्या तिसऱ्या परिषदेने (६८०-६८१) पाखंडी मताला साथ दिल्याबद्दल दोषी ठरवले. ती घटना खरी आहे. त्यांची पत्रे वरच्या अटींत बसत नाहीत, असे कॅथलिक उत्तर आहे.

शुद्धिस्थान ही मरणानंतरची दुसरी संधी नाही. तारण निश्चित झालेल्यांचीच तिथे शुद्धी होते. १ करिंथ ३:१५ पासून निघा: तो तारला जाईल, पण जणू अग्नीतून. २ मक्काबी १२ मित्राच्या बायबलमध्ये नाही, तेव्हा ते शास्त्र म्हणून नव्हे, तर ख्रिस्तापूर्वी यहुदी लोक मृतांसाठी प्रार्थना करत याचा ऐतिहासिक दाखला म्हणून द्या. इंडल्जन्सच्या (पापाच्या शिक्षेतल्या सवलतीच्या) विक्रीचा विषय निघाला तर सरळ सांगा की गैरप्रकार झाला. पोप पायस पाचवे यांनी १५६७ मध्ये पैशांशी जोडलेल्या सगळ्या सवलती रद्द केल्या.

निरीश्वरवादी मित्रासमोर

इथे पद्धत बदलते. त्याचा आक्षेप नक्की कुठला, हे आधी वेगळे करा: देव आहे याला पुरावा नाही, दुःखामुळे चांगला देव असूच शकत नाही, की धर्मसंस्थेने केलेल्या पापांचा राग आहे? तिसऱ्याला पहिल्याचे उत्तर देणे हा सर्वांत सामान्य गोंधळ.

अक्वायनस यांचे पाच मार्ग, म्हणजे देवाच्या अस्तित्वाचे पाच युक्तिवाद, वाचताना एक गोष्ट पाहा. त्याच लेखात त्यांनी विरोधकांचे दोन आक्षेप आधी मांडले आहेत: जगातले दुःख, आणि देवाशिवायही सगळ्याचा उलगडा होतो हा दावा. आजही हेच दोन चालतात.

'प्रत्येक गोष्टीला कारण असते, मग देवाला कोणी घडवले?' यावर पुष्कळ जण गप्प होतात, कारण त्यांनी स्वतःच युक्तिवाद 'प्रत्येक गोष्टीला कारण असते' इथून सुरू केलेला असतो. तो तसा नाहीच. ज्या गोष्टी असू शकतात आणि नसूही शकतात, त्यांना स्वतःबाहेरचा आधार लागतो, असा तो आहे. हुशार मित्र मग विचारेल, 'तो शेवटचा आधार हे विश्वच का असू नये?' बर्ट्रांड रसेल यांनी १९४८ मध्ये बीबीसीवर जेझुइट धर्मगुरू कॉपलस्टन यांच्याशी बोलताना हीच भूमिका घेतली: विश्व आहे, बस. आता खरा प्रश्न टेबलावर आला. स्पष्टीकरणाची साखळी 'आहे, बस' इथे थांबते, की नसणे ज्याला शक्यच नाही अशा कशापाशी? तुम्ही दुसरे निवडता ते का, हे सांगा: या विश्वात असे काहीही दिसत नाही जे वेगळे असू शकले नसते. 'सगळे भाग तसे म्हणून अख्खे विश्व तसे' ही उडी त्याला मान्य नसेल तर तो तसे म्हणेल, आणि तो आक्षेप न्याय्य आहे. युक्तिवाद इथपर्यंत येतो. त्रैक्य किंवा पुनरुत्थान यातून निघत नाही, आणि काढायचा प्रयत्नही करू नका.

बिग बँगवर मदार ठेवू नका. विश्वाला आरंभ आहे हे केवळ तर्काने सिद्ध होत नाही, असे अक्वायनस यांचे मत होते. १९३१ मध्ये आद्य अणूची कल्पना (बिग बँगचे पहिले रूप) मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः धर्मगुरू होते, पण पोप पायस बारावे यांनी १९५१ च्या भाषणात या संशोधनाचा सांधा निर्मितीशी जोडला तेव्हा त्यांना ते रुचले नाही. लमेत्र यांचे नाव 'विज्ञान आणि श्रद्धा एका माणसात नांदू शकतात' एवढ्यासाठी घ्या. उत्क्रांती मानायला कॅथलिकाला आडकाठी नाही, पोपच्या १९५० च्या विश्वपत्रापासून वाट मोकळी आहे. गॅलिलिओच्या १६३३ च्या शिक्षेवर सारवासारव नको. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये त्या वेळच्या धर्मपंडितांची चूक मान्य केली आहे, तुम्ही त्यांच्याहून कडवे होण्याचे कारण नाही.

दुःखाच्या प्रश्नाचे दोन प्रकार आहेत. देव आणि दुःख एकत्र असणे तर्कदृष्ट्याच अशक्य, हा जे. एल. मॅकी यांनी १९५५ मध्ये मांडलेला दावा. स्वातंत्र्य देणाऱ्या देवाकडे दुःख होऊ देण्यास पुरेसे कारण असू शकते एवढे दाखवले तरी तो सैल पडतो. हे काम सर्वांत चोख केले ते आल्विन प्लांटिंगा या रिफॉर्म्ड परंपरेतल्या तत्त्वज्ञाने, म्हणजे इथे प्रोटेस्टंट मित्र तुमच्या बाजूला आहे. दुसरा प्रकार म्हणजे 'इतके दुःख, इतके निरर्थक, देव असण्याची शक्यता कमी वाटते'. याला झटपट उत्तर नाही, हे कॅटेकिझमच (३०९) म्हणतो. विचारणाऱ्याच्या घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर यातले काहीच बोलू नका. त्या दिवशी तो प्रश्न तत्त्वज्ञानाचा नसतो.

येशू झालाच नाही असे म्हणणाऱ्यासाठी रोमन इतिहासकार टॅसिटस आणि यहुदी इतिहासकार जोसेफस पुरे आहेत. पुनरुत्थानासाठी १ करिंथ १५:३-८ घ्या. पत्र सुमारे ५५ सालचे, आणि पौल म्हणतो की हे त्यालाही इतरांकडून मिळाले, म्हणजे साक्ष त्याहून जुनी. यावरून निघते ते एवढेच: पहिल्या साक्षीदारांना येशू दिसल्याची खात्री होती आणि ही कथा कित्येक पिढ्यांनी रचलेली नाही. 'श्रद्धेशिवाय माणूस चांगला वागूच शकत नाही' असे चुकूनही म्हणू नका. ते खोटे आहे आणि रोम २:१४-१५ च्या (नियमशास्त्र सर्वांच्या हृदयावर लिहिलेले आहे) विरुद्धही.

धर्मगुरूंनी केलेल्या बालशोषणाचा विषय निघाला तर बचाव करायचा नाही. अमेरिकेतल्या बिशपांच्याच सांगण्यावरून झालेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जॉन जे कॉलेजच्या अहवालात १९५० ते २००२ या काळात ४,३९२ धर्मगुरूंवर आरोप झाल्याची नोंद आहे. 'इतर संस्थांतही होते' हे वाक्य, ते खरे असले तरी, तुमच्या तोंडून निघता कामा नये. हे घडले, ते लपवले गेले, ते पाप आणि गुन्हा दोन्ही होते, असे म्हणा आणि थांबा. शिकवण खरी की खोटी हा प्रश्न शिकवणाऱ्याच्या पापाने सुटत नाही, हा मुद्दा बरोबर आहे, पण तो मित्राने स्वतः विचारल्यावरच मांडा.

प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली, म्हणजे धर्मयुद्धे, मग इन्क्विझिशन, मग मरिया, मग डायनासोर, तर म्हणा: 'यातला तुझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा कुठला? आज तेवढाच घेऊ.' त्याची बाजू तुमच्या शब्दांत मांडून 'बरोबर सांगितले का?' असे विचारा, आणि तो 'हो' म्हणेपर्यंत उत्तर देऊ नका. उत्तर येत नसेल तर 'मला माहीत नाही, रविवारपर्यंत वाचून सांगतो' म्हणा आणि रविवारी खरोखर सांगा. चार लोकांपुढे कोणी माघार घेत नाही, म्हणून महत्त्वाचे बोलणे दोघांतच व्हावे. १ पेत्र ३:१५ सगळ्यांना पाठ असते, पण उत्तर सौम्यतेने आणि आदराने द्या, हा त्याचा उरलेला भाग पुष्कळ जण विसरतात.

एक प्रश्न दोन्ही मित्र कधीतरी विचारतातच: 'मग तुझ्या मते मी नरकात जाणार?' 'ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही' हे सूत्र त्यांनी कुठेतरी वाचलेले असते. १९४० च्या दशकात बोस्टनमधले धर्मगुरू लिओनार्ड फीनी या सूत्राचा अगदी कडक अर्थ लावून शिकवत होते. रोमने १९४९ मध्ये तो अर्थ नाकारला आणि १९५३ मध्ये फीनी यांनाच बहिष्कृत केले, ते पुढे समेट करून परतले. बाप्तिस्मा झालेला प्रोटेस्टंट ख्रिस्तात बंधू आहे, आजच्या फुटीच्या पापाचा दोष त्याच्या माथी मारता येत नाही (कॅटेकिझम ८१८). ज्याला स्वतःच्या दोषाविना ख्रिस्त कळला नाही, पण जो प्रामाणिक मनाने सद्सद्विवेकाप्रमाणे वागतो, त्यालाही तारण मिळू शकते (८४७). मिळू शकते, मिळतेच असे नाही. कोणा एका माणसाचे नाव घेऊन तो नरकात आहे असे ख्रिस्तसभेने कधीच जाहीर केलेले नाही, तेव्हा तुम्हीही कोणाचा निकाल देऊ नका. पण ८४७ पाशी थांबलात तर मित्र विचारेल, 'मग मला हे सगळे सांगतोस कशाला?' त्याचे उत्तर पुढच्याच परिच्छेदात, ८४८ मध्ये आहे. दोन्ही एकत्र वाचून जा.